लीलाबाईच्या नावची फिल्म

१

"पाकीट जागेवर आहे, रिपोर्ट जागेवर आहे, फक्त फिल्म नाही," मैत्रेयी म्हणाली आणि माझ्या सोफ्यावर बसून रडायला लागली.

मला रडणारी माणसं सोसत नाहीत. माझी अख्खी नोकरी दक्षता विभागात गेली, आणि माझ्या टेबलासमोर बसून रडणारे निम्मे लोक काहीतरी दडवत असायचे. पण ही लीलाची मुलगी. लीला रामटेके म्हणजे माझी दिल्लीतली पहिली मैत्रीण. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोघींच्या बाल्कन्या लागून होत्या. रिटायर झाल्यावर मी करोल बागला दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, पण रविवारचा फोन सुटला नव्हता.

"नाक पूस आणि पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "कसली फिल्म?"

"आईच्या सीटी स्कॅनची. मावशी, आईच्या उजव्या फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर आहे."

रविवारी लीला फोनवर मला खोकला आहे म्हणाली होती, आणि मी तिला हळदीचं दूध पी म्हणून सांगितलं होतं.

"ती गाठ काढता येईल असं डॉक्टर मिश्रा म्हणतात," मैत्रेयी सांगत राहिली. "पण डाव्या फुप्फुसात एक बारीकसा ठिपका दिसतोय. कॅन्सरच तिकडे पसरला असेल तर ऑपरेशनला अर्थ नाही. आणि जुनापुराणा डाग असेल तर ऑपरेशन करायचं, तेही लगेच."

"मग तो ठिपका तपासा की."

"इतका बारीक आहे की सुई पोचत नाही. म्हणून डॉक्टर म्हणाले, पूर्वीचा एखादा स्कॅन आहे का बघा. तेव्हाही ठिपका असाच असेल तर काळजी नाही. मी घर उलटंपालटं केलं तर दिवाणात गादीखाली पाकीट सापडलं. दोन वर्षांपूर्वीचं, नोएडाच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलचं, वर आईचं नाव. मी तेव्हा बंगळूरला होते. मी रिपोर्टचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. त्यात लिहिलंय, डावं फुप्फुस स्वच्छ."

"म्हणजे ठिपका नवा."

"हो. पण डॉक्टर म्हणाले, बारीक ठिपके रिपोर्ट लिहिताना सुटतात, फिल्म आणा, मी स्वतः बघतो. दुसऱ्या दिवशी पाकिटात हात घातला तर फिल्म नाही. आदल्या दिवशी होती, मी या हाताने परत आत सरकवली होती. दोन महिने झाले शोधतोय. डॉक्टर आता म्हणतात, फिल्म नसेल तर मला रिपोर्टच धरून चालावं लागेल. ऑपरेशन नाही, नुसती केमो. ती सुरूही झाली."

"हॉस्पिटलकडे कॉपी असतेच."

"निखिल जाऊन आला." निखिल म्हणजे तिचा नवरा. "त्यांचा सर्व्हर बदलला, जुने फोटो सगळे उडाले म्हणाले."

"आणि लीलाला काय माहीत आहे?"

"काहीच नाही. तिला सांगितलंय छातीत पाणी झालंय. मावशी, प्लीज, तिच्यासमोर एक शब्दही काढायचा नाही हं. पप्पांनी बजावलंय सगळ्यांना."

आमच्याकडे हे असंच असतं. आजार एकाचा, आणि पेशंटला सोडून बाकी सगळ्या खानदानाला तो माहीत. मला तेव्हाच चीड आली होती, पण मी गिळली.

"हॉस्पिटलवाल्यांनीच गायब केली असणार," मैत्रेयी म्हणाली. "रिपोर्ट चुकला म्हणून."

"तुमच्या दिवाणात हात घालून? आणि पाकीट परत गादीखाली नीट ठेवून?" मी विचारलं. "बाई गं, तुझा चोर घरातला आहे."

तिचं रडणं तिथेच थांबलं.

२

दुसऱ्या दिवशी मी क्वार्टरवर गेले. दार सुखदेवने उघडलं. लीलाचा नवरा, मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, कपड्यांची इस्त्री कधी मोडलेली बघितली नाही असा माणूस. जय भीम केलं, खुर्ची पुढे केली आणि आवाज खाली आणला.

"कुमुदताई, मैत्रेयीने तुम्हाला उगाच त्रास दिला. हे हॉस्पिटलवाल्यांचं काम आहे. अंगाशी आलं की ते सगळं पुसून टाकतात."

"फिल्म तर घरात होती."

"हो, मग धावपळीत तिनेच कुठेतरी ठेवली असेल. तिचं डोकं कुठे ठिकाणावर आहे?"

एकाच दमात दोन चोर. मी मनात नोंद केली. सुखदेव चार महिन्यांत रिटायर होणार, घरात बायको अशी आजारी. अशा माणसाचं बोलणं इकडेतिकडे होणारच, असंही वाटलं.

तेवढ्यात लीला स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली. सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या होत्या. चेहरा उतरलेला, डोक्याला स्कार्फ, पण जीभ तशीच.

"तू फोन सोडून घरी आलीस म्हणजे नक्की काहीतरी लफडं आहे," ती म्हणाली. "कुणाची चौकशी आहे? यांची का? घेऊन जा, मला सुटका."

"तुझी आठवण आली म्हणून आले, तर त्यालाही हरकत."

"खा गरम आहेत तोवर."

"आणि तू?"

"मला कुठलं तळलेलं? नागपूरच्या ऑपरेशनपासून बंद आहे ना. विसरलीस?"

विसरेन कशी? त्या वेळी मी रजा काढून तिच्या उशाशी बसले होते. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिलेले खडे ही येईल त्याला दाखवायची, पोराने मिळवलेला कप दाखवावा तशी. आम्ही दोघी त्यावरून हसलो. हसता हसता तिला खोकला आला आणि सुखदेव पाणी घेऊन धावला. या माणसाचं बायकोवर प्रेम नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं, आणि मीही म्हणत नाही.

लीला आत गेल्यावर मी म्हटलं, "तिला एकदा विचारून बघू? फिल्म तिनेच कुठे उचलून ठेवली असेल."

"नाही!" सुखदेव इतक्या मोठ्याने ओरडला की खालच्या गल्लीतल्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. मग त्याने हात जोडले. "ताई, तिला कळलं तर ती त्या धास्तीनेच जाईल. तुमच्या पाया पडतो."

मी तिला विचारलं नाही. बिल्कुल गाढवपणा केला. जिच्या छातीचा प्रश्न होता तिला सोडून मी साऱ्या दिल्ली-नोएडाला प्रश्न विचारत हिंडणार होते.

३

नोएडाचं हॉस्पिटल म्हणजे मॉलच. खाली कॉफीचं दुकान, वर माणसांची कापाकापी. तो रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर परीक्षित सूद मला पाच मिनिटं द्यायला तयार झाले, कारण मी रिसेप्शनवर 'विजिलेन्स' हा शब्द उच्चारला. आधी 'रिटायर्ड' म्हटलं होतं, पण ते जरा हळू.

माझा संशय उघड होता. यांच्या नजरेतून ठिपका सुटला असेल, तर फिल्म नाहीशी होण्यात सगळ्यात मोठा फायदा यांचा. घरातल्या कुणाला तरी हाताशी धरलं असेल. मैत्रेयीच्या फोनमधला रिपोर्टचा फोटो मी त्यांच्यासमोर धरला.

"मैडम, मैंने लेफ्ट लंग क्लियर लिखा है तो क्लियर था," ते म्हणाले. माणूस भलताच घमेंडखोर. "ये देखिए. छाती का स्कैन था, पेट देखने को किसी ने बोला भी नहीं. फिर भी नीचे के कोने में गॉल ब्लैडर दिख रहा था, तो उसके स्टोन तक लिखे हैं मैंने. जो आदमी ये नहीं छोड़ता, वो लंग का स्पॉट छोड़ देगा?"

"इंसान से गलती हो जाती है."

"तो सीडी निकलवाइए ना. बड़े से बड़े डॉक्टर को दिखाइए. मैं तो खुद चाहता हूँ."

"सीडी कहाँ से? आपके यहाँ सब डिलीट हो गया."

त्यांनी चष्मा काढला. "किसने कहा?"

मी तळघरात गेले. रेकॉर्ड विभाग हॉस्पिटलच्या धोबीखान्याला लागून असतो, का ते देव जाणे. खिडकीत मिसेस खुराना नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी रिपोर्टवरचा सरकारी आरोग्य कार्डाचा नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि मान हलवली.

"लीलाबाई रामटेके. है तो सही. सारी इमेज हैं."

मी खिडकीवर वाकले. "लेकिन आप लोगों ने तो फैमिली को बोला कि सब उड़ गया."

"हमने? मैडम, इस पेशंट का कोई पूछने ही नहीं आया आज तक. सीडी चाहिए तो पेशंट की साइन लाइए, कल बना देंगे."

"पति की साइन चलेगी? बेटी की?"

"पेशंट ज़िंदा है?"

"हाँ."

"होश में है?"

"हाँ जी."

"तो फिर पेशंट की ही चलेगी ना. उसकी चीज़ है, उसी से पूछेंगे," खुरानाबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

त्या सगळ्या प्रकरणात लीलाला विचारायची गोष्ट काढणारं ते पहिलं माणूस. आणि निखिल सर्व्हर उडाल्याचं सांगत होता, तर तो या खिडकीपर्यंत आलाच नव्हता.

४

निखिलचं ऑफिस तिथून जवळच होतं. त्याची कंपनी हॉस्पिटलांची बिलं तपासून विम्याचे क्लेम पास करते. मी त्याला खाली चहाच्या टपरीवर बोलावलं. त्याच्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत हे हॉस्पिटल आहे, हे मी वर रिसेप्शनच्या बोर्डवरच वाचलं होतं.

"किती दिवस खोटं बोलतोयस बायकोशी?" मी म्हटलं.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मावशी, काय झालं?"

"सर्व्हर उडाला नाहीये. तू तिकडे गेलाच नव्हतास. हॉस्पिटल तुमचं गिऱ्हाईक, रिपोर्टमध्ये चूक निघाली असती तर गिऱ्हाईक नाराज, आणि तुझी नोकरी धोक्यात. म्हणून सासूच्या ऑपरेशनवर पाणी सोडलंस? फिल्मही तूच काढलीस?"

"नाही! आईशप्पथ नाही." त्याचं तोंड पांढरं पडलं. "मी निघालो होतो. पप्पाच म्हणाले, तू नको जाऊ, मी कार्डवाला आहे, मीच जातो. आल्यावर म्हणाले, सगळं उडालंय. आणि म्हणाले, मैत्रेयीला तूच सांग, तुझा त्या लाइनमधला अनुभव आहे, तुझ्यावर विश्वास बसेल तिचा."

"आणि तू सांगितलंस."

"हो, सांगितलं. नंतर ते म्हणाले, बरंच झालं यार, केस झाली असती तर तुझ्यावर आली असती. मला वाटलं... मला वाटलं ते माझ्यासाठी करतायत." तो रडकुंडीला आला. "खरंच वाटलं, मावशी. मी त्यांना थँक यू म्हणालो."

मी त्याच्यावर ओरडणार होते, पण ओरडून काय उपयोग? माणूस भित्रा होता, लबाड नव्हता. मी त्याला चहा संपवायला सांगितलं.

तर फिल्म सुखदेवने काढली. हॉस्पिटलची सीडीही त्यानेच येऊ दिली नाही. पण का? बायकोला खोकला आला की पाणी घेऊन धावणारा माणूस तिच्या ऑपरेशनच्या वाटेत आडवा पडून काय मिळवणार होता?

५

मेट्रोत जागा मिळाली आणि मी डोळे मिटून बसले. गोष्टी एकेक करून मांडल्या.

फिल्म गेली, रिपोर्ट राहिला. चोराला स्कॅनच नको असता तर त्याने पाकीटच उचललं असतं. पण रिपोर्टचा फोटो आधीच डॉक्टरांकडे गेला होता, तो परत घेता येत नव्हता. म्हणजे त्याला भीती अक्षरांची नव्हती, चित्रांची होती. आता रिपोर्टमध्ये काय असतं? नाव असतं आणि डॉक्टरचं म्हणणं असतं. आणि फिल्ममध्ये? फिल्ममध्ये माणूस असतो. त्याची हाडं, त्याचं काळीज, त्याच्या पोटातलं सगळं सामान.

इतक्यात शेजारच्या बाईने कचोऱ्यांची पिशवी उघडली आणि डब्यात तळणीचा वास सुटला. मला लीलाच्या सांबारवड्या आठवल्या. तळलेलं बंद. नागपूरचं ऑपरेशन. बाटलीतले खडे.

कपाळ माझं! अगं, ते खडे पित्ताशयातले होते. खडे म्हणजे नुसते खडे नाही, नागपूरच्या डॉक्टरांनी पित्ताशयच्या पित्ताशय काढून टाकलं होतं. मैत्रेयी तेव्हा शाळेत होती. त्याला कितीतरी वर्षं झाली. आणि डॉक्टर सूदना दोन वर्षांपूर्वी, खालच्या कोपऱ्यात, खड्यांसकट पित्ताशय दिसत होतं. बढाई मारायच्या नादात त्यांनी मला ते सांगितलंही होतं, आणि मी दगडासारखी ऐकून घेतलं होतं. पित्ताशय काही नखासारखं परत वाढत नाही.

मग लीलाच्या नावाने त्या मशीनखाली झोपलं होतं कोण?

मी करोल बाग येऊ दिलं नाही. मध्येच उतरून लाइन बदलली आणि तडक सरोजिनी नगर गाठलं. सुखदेव ऑफिसात असणार, मैत्रेयी कामावर. लीलाने दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"लीला," मी चप्पल न काढताच विचारलं, "दोन वर्षांपूर्वी तू नोएडाला छातीचा स्कॅन केला होतास?"

"मी? छे!" ती म्हणाली. "तो वच्छलाताईंचा. यांच्या बहिणीचा."

इतकं सोपं होतं ते. एक प्रश्न, एक उत्तर. मी आता चप्पल काढली आणि खाली बसले.

"भंडाऱ्याहून आल्या होत्या," लीला सांगायला लागली. "खोकला थांबत नव्हता. त्यांच्याकडे कुठलं सरकारी कार्ड? हे म्हणाले, तुझं नेतो. मी दिलं. कार्डावरचा माझा फोटो असला जुना की मी मलाच ओळखू येत नाही, त्यावर ताई सहज खपल्या. माझी साडी नेसून गेल्या होत्या. अगं, क्वार्टरमध्ये सगळेच करतात. का, काही झालं का?"

"तुझ्या डाव्या फुप्फुसात एक ठिपका आहे," मी म्हणाले. सुखदेवच्या विनवण्या गेल्या खड्ड्यात. "तो नवा आहे की जुना, यावर सगळं अडलंय."

"जुना असेल," ती सहज म्हणाली. "शाळेत असताना मला टीबी झाला होता. वर्षभर सुया टोचल्या. लग्न जमताना आई म्हणाली, हे सासरी बोलायचं नाही. नाही बोलले."

"डॉक्टर मिश्रांना तरी सांगायचंस!"

"मला कोण विचारतं, कुमुद? मला बाहेर खुर्चीवर बसवतात. हे आत जाऊन बोलतात आणि बाहेर येऊन हसतात." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "कॅन्सर आहे ना मला?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"हॉस्पिटलचा बोर्ड वाचता येतो मला. केस काय छातीतल्या पाण्याने गळतात का? यांना वाटतं मला कळत नाही. त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे म्हटलं. ऑपरेशनच्या पलीकडे गेलंय ना आता?"

तेव्हा मला रडू फुटलं. रडणाऱ्यांची मला इतकी चीड, आणि मीच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग उठून तिला सगळं सांगितलं, काही न गाळता.

६

संध्याकाळी सुखदेव घरी आला तेव्हा आम्ही चौघं बसलो होतो. लीला, मैत्रेयी, निखिल आणि मी. त्याने आमचे चेहरे बघितले आणि बॅग हातात धरून तसाच उभा राहिला.

"स्कॅन वच्छलाताईंचा होता," मी म्हटलं. "फिल्म बघितली असती तर डॉक्टरांना पित्ताशय दिसलं असतं. नागपूरच्या टाक्यांचा व्रण लीलाच्या पोटावर आहेच. हे शरीर दुसऱ्याचं, हे त्यांना लगेच कळलं असतं. म्हणून तुम्ही फिल्म काढलीत. रिपोर्टने तुम्हाला धोका नव्हता, त्यात नाव लीलाचंच, आणि सगळ्यांचं लक्ष फुप्फुसाकडे, खालची खड्यांची ओळ कुणी वाचलीच नाही. फिल्म कुठे आहे?"

"कापली," तो म्हणाला. "कात्रीने. मार्केटच्या कचऱ्यात टाकली."

"पप्पा!" मैत्रेयी किंचाळली. "तो रिपोर्ट आईचा नाही हे तुम्हाला माहीत होतं? डॉक्टर त्याच्यावर ऑपरेशन नको म्हणाले, आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून मान हलवत होतात?"

"मला टीबीचं माहीत नव्हतं गं. मला वाटलं, पसरलंच असेल. पसरलंच असेल तर मग फिल्मने काय फरक पडतो?"

"आणि नसेल पसरलं तर?"

तो खाली बसला. "चार महिने राहिलेत, कुमुदताई. कार्डाचा गैरवापर. चौकशी बसली की पेन्शन अडकते, ग्रॅच्युइटी अडकते. तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच आयुष्यभर असल्या चौकश्या केल्यात. तुम्ही सोडलं असतंत मला?"

"नसतं सोडलं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"मग? म्हटलं, तोवर केमो चालू राहू दे, केमोनेही गुण येतो म्हणतात. रिटायर झालो की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगणार होतो. आणि हे सगळं कुणासाठी? मला एकट्याला काय लागतं? माझ्यामागे पेन्शन तिलाच मिळणार होती."

"मागे कोण राहणार आहे, सुखदेव?" मी विचारलं.

त्याने लीलाकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती मैत्रेयीला म्हणाली, "उद्या मला डॉक्टरांकडे ने. आत मी जाणार."

७

डॉक्टर मिश्रांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत, लगेच नवा स्कॅन लिहून दिला. नोएडाची सीडी मागवायची गरजच उरली नाही.

डावा ठिपका जसा होता तसाच होता, तिळाइतकाही वाढला नव्हता. टीबीचाच व्रण, त्याचा कॅन्सरशी काही संबंध नाही. उजव्या गाठीने मात्र केमोला दाद दिली नव्हती. मधल्या काळात ती हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जाऊन चिकटली होती.

डॉक्टरांनी सवयीने सुखदेवला बाजूला घेतलं. "देखिए, अब निकालना..."

"मुझे बताइए," लीला म्हणाली. "पेशंट मैं हूँ."

मग त्यांनी तिला सांगितलं. आता गाठ काढता येणार नाही. ती पहिल्यांदा त्यांच्याकडे आली तेव्हा काढता आली असती. तिने विचारलं, पहिल्यांदा म्हणजे कधी, आणि त्यांनी महिना सांगितला. तिने बोटांवर काही मोजलं नाही. पदर सावरला आणि धन्यवाद म्हणून बाहेर आली.

नोएडाच्या हॉस्पिटलने कुणाकडे तक्रार केली नाही. केली असती तर कार्डावरचा चेहरा न बघता बाई आत कशी सोडली याचं उत्तर त्यांनाही द्यावं लागलं असतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर लीलाच्या नावाने अजून ते खड्यांचं पित्ताशय आहे. दुरुस्ती करा म्हणून लीलाच्या सहीचा अर्ज घेऊन मी गेले, तर खुरानाबाई म्हणाल्या, वरून परवानगी येत नाही. मी सुखदेवच्या खात्याला पत्र लिहायला घेतलं होतं. लीलाने ते माझ्या हातून काढून घेतलं. "माझं काय ते मी बघते," म्हणाली. वच्छलाताई भंडाऱ्याला ठणठणीत आहेत. त्यांचा खोकला तेव्हाच बरा झाला.

सुखदेव ठरल्या तारखेला रिटायर झाला. हार, शाल, भाषणं, सगळं व्यवस्थित पार पडलं. कागदपत्रांत एकच गोष्ट राहिली होती. पेन्शनच्या फाइलला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. लीलाला आता जिना उतरवत नव्हता, म्हणून त्याने मार्केटमधून फोटोवाला घरीच बोलावला. भिंतीला पांढरी चादर लावली, दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या, स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून एका खुर्चीवर बसला. मी लीलाचा हात धरून तिला दुसऱ्या खुर्चीपर्यंत आणलं. ती बसली, स्कार्फ नीट केला.

"भंडाऱ्याहून वच्छलाताईंनाच बोलवायचं होतं," ती समोर बघत म्हणाली. "माझ्या नावावर त्या चालतात ना तुम्हाला."

सुखदेवचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, मला बघवलं नाही. फोटोवाल्याला मराठी येत नव्हतं. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं, डोकं वर काढलं आणि हाताने खूण केली. "भाभीजी, थोड़ा पास आइए. अंकल जी की तरफ."

लीला हलली नाही. शेवटी सुखदेवनेच आपली खुर्ची सरकवली.